फ्लेक्सचा जीव कुठे गेला?

१७ सप्टेंबर ही तारीख आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची. १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट शरण आली. झेंडावंदन होते, हयात असलेल्या मोजक्या स्वातंत्र्यसैनिकांना शाल-श्रीफळ दिले जाते आणि गणपती-गौरींच्या धामधुमीत दिवस मावळतो. याच तारखेला आणखी एक दिवस पाळला जातो, याची खबर जीवशास्त्राच्या प्राध्यापकांखेरीज फारशी कुणाला नसते. हा दिवस सूक्ष्मजीवांचा. पोर्तुगालमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये तो साजरा करायला सुरुवात केली आणि तारीख निवडली ती एका पत्राची. डेल्फ्ट या डच गावातला कापडाचा व्यापारी आंतोनी फान लेव्हेनहूक याने १७ सप्टेंबर १६८३ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहून कळवले, की दातांमधला मळ पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला तर त्यात वळवळणारे जीव दिसतात. इकडे तेव्हा संभाजीराजांची कारकीर्द चालू होती.

दातांच्या मळातून झालेली ही ओळख पुढे बिघडतच गेली. पटकी, प्लेग, क्षय यांच्या संगतीत जिवाणूंचे नाव आले ते कायमचे. आपल्या घरात फिनेल आहे, साबणाच्या जाहिरातीत ‘जंतू’ शिंगे लावून येतात, ‘जंतुनाशक’ हा शब्द पोरासोरांना पाठ आहे. त्यांनी निस्तरलेल्या घाणीबद्दल बोलायचे तर मात्र रोजच्या भाषेत शब्दही सापडत नाही. म्हणून आज त्यांच्या एका अशा उद्योगाविषयी, ज्याचा थेट संबंध चौकाचौकातल्या फ्लेक्सशी आहे.

निफाड तालुक्यातल्या एका कांदाचाळीपासून सुरुवात करू. चाळीत उन्हाळ कांदा भरलेला, भाव चढायची वाट बघत. पावसाच्या झडीच्या अंगाला तीन फ्लेक्स एकमेकांना सुतळीने टाचून बांधलेले. एकावर कुणाला तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, दुसऱ्यावर कसल्या तरी दालनाचे भव्य उद्घाटन, तिसऱ्यावर नवरात्राचे मंडळ. त्यांचा हा तिसरा पावसाळा. नवा फ्लेक्स कसा ताडपत्रीसारखा अंगाला गुंडाळता येतो. हा हाताने दुमडला तर कडकडला, घडीवर पांढरी रेघ उमटली आणि वाढदिवसवाल्या साहेबांचे हसू बरोबर मधोमध उलले. चाळीचे मालक म्हणाले, “जीव गेला त्याचा आता. निवडणूक आली का नवा मिळंल.”

जीव गेला हे अगदी खरे आहे. उन्हाने थोडे कुजवले, त्यात वाद नाही. ऊन पीव्हीसीच्या साखळ्याच तोडते. पण फ्लेक्स मऊ होता तो ज्या पदार्थामुळे, तो पदार्थही तीन पावसाळ्यांत हळूहळू त्यातून निघून गेला. थोडा हवेत, थोडा धुळीबरोबर, थोडा पागोळ्यांबरोबर चाळीच्या बुडाशी असलेल्या मातीत. प्रश्न त्या निघून गेलेल्या जिवाचा आहे.

पीव्हीसी हे मुळात कडक प्लास्टिक. नळाचा राखाडी पाईप पीव्हीसीचाच असतो आणि तो वाकवायला गेले तर मोडतो. त्याच पीव्हीसीत तेलासारखा एक दाट द्रव मिसळला की त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि तोच पदार्थ रेक्झिन होतो, बागेतला होजपाईप होतो, विजेच्या तारेवरचे आवरण, पावसाळी चप्पल, जेवणाच्या टेबलावरचे पारदर्शक आच्छादन, सलाईनची नळी, रक्ताची पिशवी आणि पॉलिस्टरच्या जाळीवर चढवला की फ्लेक्स होतो. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. मऊ पीव्हीसीच्या वजनात त्याचा वाटा तिसऱ्या हिश्शाइतका, कधी त्याहून जास्त असतो. किलोभर मऊ प्लास्टिक हातात घेतले तर त्यातले निदान पाव-तीनशे ग्रॅम हे प्लास्टिक नसतेच, असे म्हणायला हरकत नाही. आणि गोम अशी, की हा द्रव प्लास्टिकला रासायनिकदृष्ट्या चिकटलेला नसतो. तो त्या घरातला बिऱ्हाडकरू, भाडेकराराशिवाय राहिलेला. जमेल तेव्हा, जमेल त्या दाराने बाहेर पडतो.

ही युक्ती जुनी आहे आणि तिची सुरुवात चक्क कापरापासून झाली. अमेरिकेत जॉन वेस्ली हायटने १८७० मध्ये नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर मिसळून सेल्युलॉइड तयार केले, तेव्हा कापूर हाच प्लास्टिसायझर होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला तो ज्या जातीच्या फितीवर, त्या फितीच्या अंगातही कापूरच असे. देवघरातला कापूर उघडा राहिला की उडतो हे आपल्या आज्यांना माहीत होते. म्हणून कापराच्या डबीत मिरी घालून ठेवत. जुन्या फितींमधला कापूरही असाच उडत गेला, फिती आकसल्या आणि ठिसूळ झाल्या. १९२६ मध्ये अ‍ॅक्रनच्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन रबर धातूला चिकटवण्यासाठी डिंक शोधत होता. डिंक काही सापडला नाही, पण चढ्या उकळबिंदूच्या द्रवात पीव्हीसी तापवल्यावर रबरासारखा लवचीक लगदा हाती आला. तिथून पीव्हीसीचे दिवस पालटले आणि कापराची जागा थॅलेट नावाच्या रसायनांच्या कुळाने घेतली. या कुळाचे नावही गमतीचे आहे. ऑगस्त लॉराँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये नॅफ्थॅलिनपासून, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांपासून, एक आम्ल बनवले. नॅफ्थॅलिनमधला ‘नॅफ’ कापून उरलेल्या तुकड्यावरून त्या आम्लाचे नाव पडले. या कुळातला सगळ्यात गाजलेला सदस्य म्हणजे डीईएचपी. आपल्या प्लास्टिकच्या बाजारात तो ‘डीओपी’ या नावाने पिंपांवारी विकला जातो.

हे थॅलेट शरीरात संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, विशेषतः नर गर्भाच्या वाढीत, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून पक्के झाले आहे. म्हणून युरोप आणि अमेरिकेने लहान मुलांच्या खेळण्यांत डीईएचपीसारख्या थॅलेटची मर्यादा ०.१ टक्के ठेवली. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आणि त्या मानकांत थॅलेटचा भाग आहे. खेळण्यापुरती काळजी घेतली. पण खेळण्याच्या दुकानावरच्या फ्लेक्सचे काय?

आता हा जीव मातीत उतरला. पुढे? रसायनशास्त्राला विचारले तर उत्तर निराश करणारे आहे. डीईएचपी नुसता पाण्यात पडून राहिला, जिवाणूंचा हात लागला नाही, तर पाण्याच्या बळावर त्यातला निम्मा भाग फुटायला सुमारे २,००० वर्षे लागतील, असा हिशेब आहे. २,००० वर्षांपूर्वी पैठणला सातवाहन होते. आणि तरीही ऊबदार, भुसभुशीत, हवा खेळणाऱ्या मातीत हाच पदार्थ काही आठवड्यांत, प्रयोगशाळेच्या चंबूत तर काही दिवसांत, दिसेनासा होतो. २,००० वर्षे आणि चार-सहा आठवडे यांच्यामधली सगळी करामत जिवाणूंची आहे.

हे कसे कळते? पद्धत फार साधी आणि थोडी निर्दय आहे. चिमूटभर माती घ्यायची. मीठ-क्षारांच्या पाण्यात टाकायची. त्या पाण्यात साखर नाही, पेप्टोन नाही, खाण्यासारखे काही म्हणजे काही नाही. कार्बनचा एकच स्रोत, थॅलेटचे चार थेंब. चंबू हलवणाऱ्या यंत्रावर तो ठेवून द्यायचा. ग्रॅमभर मातीत जिवाणू अब्जाच्या घरात असतात. त्यातले बहुतेक उपाशी मरतात. आठ-पंधरा दिवसांनी वर तरंगणारी तेलकट साय विरते आणि नितळ पाणी गढूळ दिसू लागते. ते गढूळपण म्हणजे ज्यांना हे अन्न पचले त्यांची वाढलेली प्रजा. त्यातला थेंबभर नव्या चंबूत, पुन्हा थॅलेट. असे पाच-सहा वेळा केले की उरतात ते त्या विद्येतले तरबेज. ही उपासमारीची चाळणी ज्यांनी नावारूपाला आणली त्यांपैकी मार्टिनस बायरिंक हा डेल्फ्टचाच प्राध्यापक. लेव्हेनहूकच्या गावचा.

पवईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी मातीतून असेच तीन जिवाणू मिळवून त्यांचा अभ्यास २००६ मध्ये मांडला. दोन स्यूडोमोनास, एक असिनेटोबॅक्टर. थॅलिक आम्ल आणि त्याचे दोन सख्खे भाऊ, तिन्हींवर ते पोसले जातात, आणि तिघांना पचवायच्या वाटा सुरुवातीला वेगळ्या असल्या तरी पुढे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. त्या ठिकाणापाशी थोडे थांबायला हवे.

थॅलेटचा रेणू म्हणजे मधोमध सहा कार्बनांचे कडे आणि त्याला जोडलेल्या दोन मेणचट शेपट्या. जिवाणू आधी शेपट्या कापतो. त्यासाठी त्याच्याकडे एस्टरेज नावाची विकरे असतात. एक शेपटी कापली, मग दुसरी. शेपट्या म्हणजे अल्कोहोल, ते खाऊन टाकायला सोपे. मागे राहते थॅलिक आम्ल. खरी कसोटी कड्याची. सहा कार्बनांचे ते कडे इतके स्थिर असते, की आपल्या यकृतालाही ते फोडता येत नाही. जिवाणू त्यावर हवेतला प्राणवायू आणून बसवतो, रेणूतले दोन्हीच्या दोन्ही अणू. हे काम करणाऱ्या विकराला म्हणूनच डायऑक्सिजनेज म्हणतात. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडचा एक तुकडा गळतो आणि तयार होते प्रोटोकॅटेच्युइक आम्ल. नाव जड आहे, वस्तू घरातली. लाल कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यात ते असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कार्ल पॉल लिंकने, ज्याने पुढे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनच्या शोधाने नाव कमावले, १९२९ च्या सुमारास दाखवून दिले, की रंगीत कांद्याच्या सालीतले हेच आम्ल एका बुरशीला कांद्यापासून दूर ठेवते. पांढऱ्या कांद्याच्या सालीत ते नसल्याने त्याला ती बुरशी खाते.

पालापाचोळा, लाकूड, साली, टरफले यांतले कड्याचे पदार्थ फोडून खाण्याचा धंदा मातीतले जिवाणू कोट्यवधी वर्षे करत आले आहेत आणि त्या पचनाचा एक मोठा रस्ता प्रोटोकॅटेच्युइक आम्लावरून जातो. पुढचे सगळे, म्हणजे कडे उघडणे, त्याचे तुकडे करणे, ते पेशीच्या भट्टीत जाळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करणे, हे त्यांना पाठ होते. माणसाने विसाव्या शतकात थॅलेट आणले तेव्हा जिवाणूंना नवे स्वयंपाकघर बांधावे लागले नाही. जुन्या स्वयंपाकघरापर्यंत दोन-तीन पायऱ्या जोडाव्या लागल्या. निसर्ग आपल्या प्लास्टिकशी ‘जुळवून घेतो’ असे आपण भाबडेपणाने म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच आहे. जिथे जुनी वाट जवळ असते तिथे जुळते. पॉलिथिलीनच्या पिशवीजवळून अशी वाट जात नाही, म्हणून ती नाल्यात तशीच राहते. २०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरात बाटलीचे प्लास्टिक खाणारा इडिओनेला सापडला त्याचा जगभर गाजावाजा झाला. त्याच्याही ताटात शेवटी थॅलिक आम्लाचा एक भाऊच पडतो, हे त्या गाजावाजात कुणी फारसे सांगितले नाही.

रुरकीच्या आयआयटीत प्रा. प्रविंद्र कुमार यांच्या गटाने या साखळीच्या पहिल्या कडीवर काम केले आहे. आम्लात आणि उष्णतेत राहणाऱ्या सल्फोबॅसिलस असिडोफिलस नावाच्या जिवाणूचे एक एस्टरेज डीईएचपीला कुठे धरते आणि कसे कापते, याचे चित्र त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने अणू-अणूपर्यंत उलगडले. नाट्य त्यात कमीच आहे. पण कात्री कशी चालते हे कळल्याशिवाय तिला धार लावता येत नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग चिंता कसली? मातीच सगळे खाते. तिथेच सावध व्हायला हवे.

एकट्या जिवाणूला ही सगळी पायवाट क्वचितच चालता येते. चिनी संशोधकांनी २०१० मध्ये सांडपाण्याच्या गाळातून एक गॉर्डोनिया वेगळा केला. तो डाय-एन-ऑक्टिल थॅलेटच्या शेपट्या झपाट्याने कापायचा आणि थॅलिक आम्लापाशी येऊन थांबायचा. पुढची विद्या त्याला अवगत नव्हती. त्याच गाळात एक आर्थ्रोबॅक्टर होता, त्याचे उलटे. मूळ थॅलेटला तो तोंड लावेना, पण थॅलिक आम्ल फस्त करी. दोघांना एका चंबूत घातले तेव्हा काम तडीस गेले. अर्धी विद्या असलेले दोघे एकमेकांचे उष्टे खाऊन एक पूर्ण काम करतात. निवडून, धुऊन, बाटलीत भरलेल्या एकाच शूर जिवाणूच्या गोष्टी आपल्याला आवडतात. माती मात्र पंगतीच्या हिशेबाने चालते.

पंगत अर्ध्यात उठली तर काय होते हेही माहीत आहे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात प्लास्टिसायझर खाणाऱ्या रोडोकॉकसवर झालेल्या प्रयोगांत दिसले, की मूळ पदार्थ कमी होत गेला तसे पाणी जास्त विषारी झाले, कारण कापलेल्या शेपट्यांपासून झालेली अल्कोहोल आणि आम्ले साचत गेली. आपल्या शरीरातही तेच घडते. डीईएचपी पोटात गेला की आतड्यातली विकरे एक शेपटी कापतात, आणि संप्रेरकांशी खरा खेळ मांडतो तो हा एकशेपटी तुकडाच. शरीर त्याला फार वेळ ठेवत नाही. दिवसभरात बहुतेक भाग लघवीवाटे बाहेर पडतो. म्हणजे आपणही एका अर्थाने गॉर्डोनियाच. अर्धे कापतो आणि नाल्यात सोडतो.

मग नाल्याकडे बघितलेच पाहिजे. थॅलेट पाण्यात फारसा विरघळत नाही. १,००० लिटरच्या गच्चीवरच्या टाकीत डीईएचपी विरघळेल तो जेमतेम तीन मिलिग्रॅम. उरलेला गाळाला, तेलाला, धुळीच्या कणाला चिकटतो आणि तळाशी बसतो. आणि शहरातल्या नाल्याचा तळ म्हणजे काळा, बुडबुडे सोडणारा, सडक्या अंड्यांच्या वासाचा चिखल. तिथे प्राणवायू नाही. कड्यावर प्राणवायू बसवणारे ते विकर तिथे हात बांधून बसते. प्राणवायूशिवायही वाट आहे. जर्मनीत फ्रायबर्गच्या मातियास बोल यांच्या गटाने नायट्रेटवर श्वास घेणाऱ्या जिवाणूंमध्ये ती शोधून काढली. थॅलिक आम्लाला एक मोठा रेणू जोडून आधी इतका अस्थिर पदार्थ बनवायचा की तो क्षणात कोसळेल, आणि कोसळताना त्याचा कार्बन डायऑक्साइड काढून घ्यायचा. चातुर्य विलक्षण आहे, पण काम संथ. मोठ्या शेपट्यांचा डीईएचपी तर अशा चिखलात वर्षानुवर्षे बसून राहतो.

मिठी असो की मुठा, आपण नदीत न शुद्ध केलेले मैलापाणी सोडतो तेव्हा केवळ दुर्गंधी सोडत नाही. त्या पाण्यातला प्राणवायू संपवून थॅलेट खाऊ शकणाऱ्या जिवाणूंचा गळाही आवळतो. नदीकाठ सुशोभीकरणाच्या आराखड्यांत दगडी पायऱ्या, दिवे आणि बाक असतात. पात्रातल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती असेल याचा आकडा त्या रंगीत चित्रांखाली छापलेला आम्ही अजून पाहिलेला नाही. थॅलेटच्या दृष्टीने तोच एक आकडा कामाचा आहे. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातली हवा फुंकणारी टाकी हे या कामातले सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात उपयोगी यंत्र आहे. तिचा वीजपुरवठा अखंड ठेवण्यात कुणाच्या फोटोला जागा नसते, ही अडचण आहे खरी.

त्याऐवजी सोपा मार्ग म्हणून बाटल्या विकल्या जातात. नाल्यात ओता, तलावात ओता, जिवाणू सगळे साफ करतील. या स्वप्नाची एक गोष्ट आपल्या उपखंडाशी जोडलेली आहे. बंगालमधल्या सैंथिया गावचे आनंद मोहन चक्रवर्ती इलिनॉयला गन्सालस यांच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा तिथे अभ्यास चालू होता तो कापूर खाणाऱ्या स्यूडोमोनासचा. तोच कापूर, जगातला पहिला प्लास्टिसायझर. कापूर पचवायची विद्या त्या जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-कड्यावर असते आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे तिथे कळले. चक्रवर्तींनी पुढे जनरल इलेक्ट्रिकमध्ये अशी वेगवेगळी प्लाझ्मिडे एकाच जिवाणूत आणून तेल खाणारा वाण तयार केला. १६ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की माणसाने घडवलेल्या जिवंत जिवाणूवर पेटंट मिळू शकते. जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगाचा पायाच त्या निकालाने घातला. आणि तो जिवाणू? समुद्रावर सांडलेल्या तेलात तो कधी सोडला गेला नाही.

ही शोकांतिका नव्हे. पण बाटलीतला पैलवान तालमीत जिंकतो आणि गावात उतरला की हरतो, हा या क्षेत्रातला जुना अनुभव आहे. मातीत आधीच ठाण मांडून बसलेले लाखो स्थानिक असतात, त्यांना तिथला क्षार, तिथला उन्हाळा, तिथले शिकारी माहीत असतात. बाहेरून आणलेला वाण काही दिवसांत संपतो. त्याउलट स्थानिकांना हवा, ओल आणि थोडे नत्र-स्फुरद मिळाले तर ते स्वतःच कामाला लागतात. शेणखत घातलेल्या, भुसभुशीत, वाफसा असलेल्या शेतात हे विनासायास घडते. आपले शेतकरी ज्याला जिवंत जमीन म्हणतात ती हीच. एप्रिलच्या भेगाळलेल्या रानात त्यांचे काम थंडावते आणि मृगाच्या पावसाबरोबर पुन्हा चालू होते.

या सगळ्यात फ्लेक्सचा विषय हसण्यावारी नेता येणार नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकल वापराच्या प्लास्टिकवरील बंदीत प्लास्टिक आणि पीव्हीसीच्या बॅनरांचे नाव आहे, पण १०० मायक्रॉनपेक्षा पातळ असलेल्यांचेच. चौकातला फ्लेक्स त्याहून जाड असतो. म्हणजे कायद्याने नेमका तोच सुटला जो सगळ्यात जास्त डोळ्यांत भरतो. अनधिकृत फलकांवर उच्च न्यायालय वर्षानुवर्षे ताशेरे ओढत आहे, ते विद्रुपीकरणाबद्दल. उतरवलेल्या फ्लेक्सचे काय होते, त्याच्या मऊपणात कोणते रसायन आहे, ते छापणाऱ्याने सांगितले पाहिजे की नाही, हे प्रश्न फलकाच्या परवानगी-अर्जात नाहीत. ते असावेत. थॅलेटला पर्याय नाहीत असे नाही, ते बाजारात आहेत, थोडे महाग पडतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्याने महाग झाल्या तर लोकशाहीचे फार बिघडणार नाही.

पर्याय नाहीत तिथली गोष्ट वेगळी आहे आणि ती सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. रक्ताच्या पिशवीत डीईएचपी असतो. १९७० मध्येच अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले, की साठवलेल्या रक्तात तो उतरतो. पण तोच उतरलेला डीईएचपी लाल पेशींच्या आवरणाला बळ देतो; त्या लवकर फुटत नाहीत आणि रक्त जास्त दिवस टिकते. युरोपने वैद्यकीय साधनांतून तो काढायची मुदत २०३० पर्यंत ढकलली ती म्हणूनच. अपघात विभागात पिशवी लटकत असताना कुणी थॅलेटचे नाव काढणार नाही आणि काढूही नये. रक्तपिशवीची आणि वाढदिवसाच्या फलकाची गरज एका मापाने मोजता येत नाही, एवढे मान्य झाले तरी पुष्कळ चर्चा सोपी होईल.

त्या कांदाचाळीत परत जाऊ. कांदा निवडायला पाच-सहा बायका बसल्या होत्या. सडका बाजूला, मोड आलेला बाजूला, चांगला क्रेटमध्ये. त्यांच्या पुढ्यात गुलाबी-तांबड्या पापुद्र्यांचा गुडघाभर ढीग, वाऱ्यासरशी उडणारा. संध्याकाळी तो फावड्याने ओढून बांधाला लोटतात. मालकांनी उललेला फ्लेक्स सोडवला, घड्या मोडत गुंडाळला आणि त्याच ढिगावर फेकला. वरून पावसाची भुरभुर चालू होती. खाली ओली काळी माती, तीत गांडुळांची विष्ठा, कुजका कांदा, शेणाचा वास. सालीतून प्रोटोकॅटेच्युइक आम्ल पाझरणार, फ्लेक्सच्या भेगांतून उरलासुरला डीओपी. बांधाखालच्या जिवाणूंच्या ताटात दोन्ही एकाच वाटेने येतील. पीव्हीसीचे कडक तुकडे आणि पॉलिस्टरची जाळी तेवढी शिल्लक राहील, पुढच्या नांगरटीला फाळात अडकायला.